ज्वारीच्या दाण्याएवढा कॅन्सर

गेल्या मंगळवारी एक काकू मुलाला घेऊन थेट लॅबमध्ये आल्या. गळ्यासमोरची गाठ त्यांनी पंधरा वर्षं अंगावर काढली होती. घास अडायला लागला तेव्हा थायरॉइडची ती बाजू काढून घेतली. त्याआधी सुईने तपासणी झाली होती आणि गाठ साधी आहे असा निर्वाळाही मिळाला होता. आता माझ्याच सहीच्या रिपोर्टवर ‘पॅपिलरी मायक्रोकार्सिनोमा, ४ मिमी’. मुलाने दुसऱ्या ऑपरेशनची तारीखही घेऊन ठेवलेली. काकूंनी एवढंच विचारलं, “डॉक्टर, साधी म्हणाले होते ना हो?”

मोठी गाठ साधीच होती. सुई तिच्यातच टोचली होती, आणि हा ज्वारीचा दाणा बाजूला दडून बसला होता. ग्रंथी माझ्या टेबलावर येते तेव्हा मी तिचे पावासारखे काप करते. एखादी पांढुरकी, व्रणासारखी घट्ट जागा सुरीखाली करकरली, की तेवढा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली जातो. काप जितके पातळ, तितकं जास्त सापडतं. फिनलंडमध्ये शवविच्छेदनातल्या १०१ थायरॉइड ग्रंथी दोन-तीन मिलिमीटरच्या कापांनी तपासल्या, तेव्हा ३६ ग्रंथींत असा कर्करोग निघाला. १९८५ सालच्या त्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच त्याला ‘नॉर्मल’ म्हटलं आहे, अवतरणचिन्हांत का होईना! दक्षिण कोरियात सोनोग्राफी सर्रास झाली आणि २०११ मध्ये निदानं १९९३ च्या पंधरापट झाली. मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. जपानमध्ये कोबेच्या कुमा हॉस्पिटलने १९९३ पासून असे दाणे न कापता नुसते नजरेखाली ठेवले. बहुतेक वाढलेच नाहीत.

पण म्हणून रिपोर्ट फाडून टाकायचा नाही. कर्करोगाने आवरण ओलांडलं आहे का, रक्तवाहिनीत शिरलाय का, कडेपर्यंत पोचलाय का, मानेतल्या गाठींत आहे का, पेशींचा प्रकार आक्रमक आहे का, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. त्यातलं काही असेल तर उरलेली बाजू काढणं, रेडिओआयोडीन, यांची चर्चा रास्त आहे. काकूंच्या रिपोर्टमध्ये यातलं काहीच नव्हतं. अशा वेळी दुसरं ऑपरेशन म्हणजे आवाजाच्या नसेला पुन्हा धोका, कॅल्शियमची कटकट आणि जन्मभराची गोळी.

माझं भांडण आहे ते ऑपरेशनआधीच्या गप्पपणाशी. ‘गाठ साधी वाटते, पण काढल्यावर आत बारीकसा कॅन्सर निघू शकतो, आणि निघाला तरी घाबरायचं कारण बहुधा नसेल’ हे वाक्य संमतीपत्रावर सही घेताना बोलायला अर्धा मिनिट लागतो. ते कुणी बोलत नाही. मग तो शब्द पेशंटला पहिल्यांदा भेटतो तो आमच्या काउंटरवरच्या पाकिटात. आम्हीही छापून मोकळे होतो. त्या दोषात मी आहेच.

दुसरं मत घ्यायला जाताना नुसता कागद नेऊ नका. लॅबमधून तपासलेल्या तुकड्यांच्या काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे मागून घ्या.

काकूंच्या सर्जनशी बोलणं झालं. दुसऱ्या ऑपरेशनची तारीख रद्द केली आहे. पुढची सोनोग्राफी सहा महिन्यांनी.