मोबाइल अडला, तर जवाहरनगरचा निरोप रेडिओने जावा

जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी स्फोट झाला, किमान ८ कामगार गेले. मोठ्या दुर्घटनेत सगळे एकदम फोन लावतात आणि मोबाइल नेटवर्क कोलमडू शकते. हॅम रेडिओला टॉवर लागत नाही. २० मीटर तार, मोटारीची बॅटरी, लॅपटॉप आणि रेडिओ संच एवढे पुरते. ७ मेगाहर्ट्झच्या लहरी आयनांबरावरून परतून दिवसा मुंबईही गाठू शकतात. वेग सेकंदाला जेमतेम ३०० बिट. फोटो विसराच, पण जखमींची यादी, रक्तगट, हवी ती औषधे लेखी जातात. आवाजी निरोपात नावे हमखास चुकतात. असे केंद्र इथे हवेच. फक्त निर्माणीच्या आत नको, कारण विजेच्या डिटोनेटरला रेडिओलहरींचा धोका असतो. सुरक्षित अंतरावरच्या शाळेत ठेवावे. परवान्याच्या परीक्षेला १२ वर्षांची मुलेही बसू शकतात.