कालप्रवासी, कीटकांची फौज आणि एक शस्त्र

सुट्टी जवळ आली की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर ठरलेला असतो. मुलं दिवसभर मोबाइलला चिकटलेली असतात, परग्रहावरच्या राक्षसांच्या मारामाऱ्या बघतात, जेवायला हाक मारली तरी उठत नाहीत; काय करावं? काही अम्मी लिहितात, सरळ बंद करून टाकावं का? आमचं उत्तर या सदरात तरी बदललेलं नाही: बंद करण्याआधी मुलांशेजारी बसून एकदा स्वतः बघा. मारामारी किती आहे यापेक्षा ती कोणाशी आहे आणि संपते कशी, हे पाहणं जास्त कामाचं असतं.

कारण परग्रहवासीयांच्या हल्ल्याची बहुतेक कार्टून एका साच्यातली असतात. आकाशातून याने उतरतात, त्यांतून लाल डोळ्यांची फौज बाहेर पडते, नायक शस्त्र काढतो आणि ती फौज शेकड्यांनी कोसळते. मेलेल्यांची मोजणी कोणी करत नाही, त्यांना नावं नसतात, घरदार तर नसतंच. मग संध्याकाळी गल्लीत तोच खेळ सुरू होतो. तिथे ‘एलियन’ कोणाला व्हावं लागतं, हे खिडकीतून जरा बघावं. बहुधा सगळ्यांत लहान पोराला, नाहीतर नुकतंच गल्लीत राहायला आलेल्या घरातल्या मुलाला.

म्हणून या महिन्यात आम्ही साच्यातच बसणारी, पण शेवटी साचा मोडणारी एक गोष्ट निवडली आहे. ‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची जुनी मालिका अनेकांना ऐकून माहीत असेल. तिचा नायक ‘डॉक्टर’ म्हणूनच ओळखला जातो. तो बाहेरून निळ्या पोलीस-पेटीसारख्या दिसणाऱ्या आणि आतून प्रचंड मोठ्या असलेल्या यानातून काळात मागेपुढे फिरतो. या मालिकेतली ‘ड्रीमलँड’ नावाची ॲनिमेशन-कथा 2009 च्या नोव्हेंबरमध्ये आली. फिल फोर्ड यांनी ती लिहिली, गॅरी रसेल यांनी दिग्दर्शित केली आणि डॉक्टरला आवाज दिला डेव्हिड टेनंट यांनी. सहा छोटे भाग आहेत, सगळे मिळून साधारण पाऊण तास. चित्रांबद्दल आधीच सांगून टाकतो: माणसं कळसूत्री बाहुल्यांसारखी चालतात, चेहरे ताठ आहेत. आजच्या कार्टूनला सरावलेली मुलं पहिली पाच मिनिटं हसतील. हसू द्या. नंतर गोष्ट त्यांना ओढून नेते.

साल आहे 1958, ठिकाण अमेरिकेतलं नेवाडाचं वाळवंट. डॉक्टर एका साध्या खाणावळीत शिरतो. तिथे काउंटरवर एक विचित्र धातूची वस्तू पडलेली असते आणि ती पृथ्वीवरची नाही हे त्याला लगेच कळतं. ती वस्तू न्यायला काळ्या सुटातली माणसं येतात, जी खरं म्हणजे माणसं नसतातच. खाणावळीत काम करणारी कॅसी आणि जिमी नावाचा मूळ अमेरिकन तरुण यांच्यासह डॉक्टर पळतो आणि लष्कराच्या एका गुप्त तळात जाऊन अडकतो. तळाचा प्रमुख आहे कर्नल स्टार्क. तळाखाली कोठडीत कैद आहे एक करड्या रंगाची, मोठ्या डोळ्यांची परग्रहवासी स्त्री, 1947 मध्ये तिचं यान कोसळलं तेव्हापासून. तिचा नवरा तिला शोधत आला, त्याचंही यान पडलं. त्याला जिमीच्या आजोबांनी डोंगरात लपवून ठेवलेलं असतं. आणि या दोघांच्या मागावर आहेत व्हायपरॉक्स: महाकाय कीटकांची फौज, जिने त्या दोघांचं जग उद्ध्वस्त केलेलं आहे.

इथे थोडं थांबून मुलांना सांगण्यासारखं बरंच खरं आहे. नेवाडात असा तळ खरोखर आहे. ‘एरिया 51’ म्हणून तो जगभर प्रसिद्ध आहे आणि ‘ड्रीमलँड’ हे त्याचंच एक टोपणनाव. 1955 पासून तिथे यू-टू या हेरगिरी करणाऱ्या विमानाच्या चाचण्या होत होत्या. त्या काळातली प्रवासी विमानं दहा-वीस हजार फुटांवरून जात आणि हे विमान साठ हजार फुटांच्याही वर. सूर्य मावळल्यावर खाली अंधार पडलेला असताना वर त्याच्या पंखांवर ऊन चमकायचं. लोकांनी उडत्या तबकड्या पाहिल्याच्या तक्रारी वाढल्या त्या तेव्हाच. खरं कारण सांगायला सरकार तयार नव्हतं. तळाचं नावसुद्धा कागदोपत्री जाहीर झालं ते 2013 मध्ये. रोझवेलचंही तेच. 1947 च्या जुलैत लष्करानेच आधी ‘उडती तबकडी सापडली’ म्हटलं, मग दुसऱ्याच दिवशी ‘हवामानाचा फुगा’ म्हणून हात झटकले. तो फुगा सोव्हिएत अणुचाचण्यांचा कानोसा घेण्यासाठी सोडलेल्या गुप्त फुग्यांपैकी होता, हे अमेरिकन हवाईदलाने 1994 मध्ये सांगितलं. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं लोकांना अर्धं सांगितलं गेलं आणि उरलेलं अर्धं लोकांनी स्वतः रचलं. घरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येणाऱ्या निरोपांचा विषय निघाला तर हे उदाहरण मोठ्या मुलांना चटकन पटतं.

गोष्टीतला कर्नल स्टार्क याच भीतीच्या हवेतला माणूस आहे. 1957 च्या ऑक्टोबरमध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला होता, त्याच नेवाडात अमेरिका अणुबॉम्ब फोडून पाहत होती, आणि शाळेतल्या मुलांना बाकाखाली लपण्याची कवायत करावी लागत होती. रशियाच्या भीतीने स्टार्क इतका पछाडलेला आहे की तो व्हायपरॉक्सच्या सेनापतीशीच सौदा करतो: तुम्हाला हवा तो परग्रहवासी शोधून देतो, बदल्यात आम्हाला रशियाविरुद्ध शस्त्र द्या. आम्हाला हा माणूस खलनायक वाटला नाही. तो आपल्या देशावर प्रेम करतो, ते खोटं नाही. पण समोरच्या शत्रूशिवाय त्याला दुसरं काही दिसतच नाही. त्यामुळे ज्याला तो घरात घेतोय तो कोण आहे, हे तो विचारत नाही. ओसाड पडलेल्या एका गावाखाली व्हायपरॉक्सची राणी अंडी घालत बसलेली असते आणि कर्नल इकडे मॉस्कोकडे दुर्बीण लावून बसलेला असतो. डॉक्टर त्याला हे दाखवून देतो, तेव्हा कुठे त्याचे डोळे उघडतात.

पण आम्ही ही गोष्ट निवडली ती शेवटासाठी. सुरुवातीला काउंटरवर सापडलेली ती वस्तू एका शस्त्राचा भाग निघते. ते शस्त्र चाललं तर व्हायपरॉक्स ही सगळी जातच संपेल: फौज, राणी, अंड्यांतली पिल्लं, सगळं. ज्याचं जग त्यांनी उद्ध्वस्त केलं तो परग्रहवासी ते चालवायला तयार आहे आणि त्याचा राग कोणालाही समजेल असा आहे. फौज चाल करून येत आहे, वेळ नाही. आणि डॉक्टर नाही म्हणतो. तो ध्वनिलहरींचा असा मारा करतो की त्या कीटकांना पृथ्वीवर थांबणंच अशक्य होतं. ते निघून जातात, जिवंत.

आमचा अनुभव असा की मुलं इथे हमखास चिडतात. “सोडलं कशाला? परत येतील ना!” या प्रश्नावर घाईने भाषण देऊ नका, कारण प्रश्न चांगला आहे. डॉक्टरकडे उत्तर आहे आणि ते कालप्रवाशालाच देता येईल असं आहे: काळ पुढे जाईल तशी ही जातही बदलणार आहे. आज समोर उभे आहेत ते तिचे शेवटचे रूप नाही, हे त्याला ठाऊक आहे. आपल्याकडे ते निळं यान नाही. पण पाच वर्षांचं हट्टी, मारकुटं पोर पंधराव्या वर्षी शेजारच्या म्हाताऱ्या खालाजानची पिशवी उचलताना ज्या आईने पाहिलं आहे, तिला हे अगदीच परकं वाटणार नाही.

आणि आता ज्या वाक्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याकडे येतो. ‘ते सगळे तसलेच.’ आपल्या मुलांनी हे वाक्य ऐकलेलं आहे. शाळेच्या बसमध्ये, क्रिकेटच्या मॅचनंतर, घर भाड्याने बघायला गेल्यावर दारातच. कोणीतरी कुठेतरी काही केलं की उत्तर यांना द्यावं लागतं, दहा-बारा वर्षांच्या वयात. ते किती लागतं, हे आम्ही वेगळं सांगायला नको. पण तेच वाक्य आपल्या दिवाणखान्यातही बोललं जातं. दुसऱ्या मोहल्ल्यातल्यांबद्दल, दुसऱ्या बिरादरीबद्दल, परप्रांतातून कामाला आलेल्यांबद्दल, चहाचा कप हातात घेऊन, मुलं शेजारी बसलेली असताना. ऐकलेलं वाक्य मुलांना बोचतं आणि बोललेलं वाक्य ती उचलतात. ही दोन्ही वाक्यं एकच आहेत हे त्यांना आपण समजावून सांगायला गेलो तर ती कंटाळतात. कीटकांच्या फौजेबद्दल विचारलं तर कंटाळत नाहीत. “अंड्यांतल्या पिल्लांनी काय केलं होतं?” एवढंच विचारून गप्प बसावं. भाऊ-बहिणींत जो वाद पेटतो तो ऐकण्यासारखा असतो.

हा प्रश्न या मालिकेला नवा नाही. 1975 मध्ये तिच्या एका गाजलेल्या कथेत डॉक्टर दोन तारा हातात घेऊन उभा असतो; त्या जोडल्या की डालेक नावाच्या क्रूर जातीचा जन्मापूर्वीच नाश होईल. तिथेही तो स्वतःला विचारतो की हा अधिकार मला आहे का. डालेक हे लेखक टेरी नेशन यांनी नाझींवरून बेतलेले होते, म्हणून तो प्रश्न ब्रिटिश प्रेक्षकांना सोपा नव्हता. त्याच्याही मागे गेलं तर एच. जी. वेल्स भेटतात. कालयंत्राची कादंबरी त्यांनी 1895 मध्ये छापली आणि मंगळावरच्या हल्लेखोरांची 1898 मध्ये. कालप्रवासी आणि परग्रहावरचे आक्रमक, दोघांनाही वाचकांच्या घरात त्यांनीच आणलं. मंगळवासीयांना दोष देण्याआधी वेल्स आपल्या वाचकांना टास्मानियाची आठवण करून देतात, जिथल्या मूळ रहिवाशांचा युरोपीय वसाहतवाल्यांनी संहार केला. आक्रमक कसा दिसतो हे बघायला आकाशाकडे मान वर करायची गरज नव्हती. ‘ड्रीमलँड’मध्ये जखमी परक्याला आसरा देणारा माणूस मूळ अमेरिकन आजोबा आहे. लेखकाने ते मुद्दाम केलं की नाही, ते सोडा. आम्हाला ते बरोबर वाटलं.

आणखी एक गोष्ट, जी सांगितल्यावर मुलांचे डोळे मोठे होतात. डॉक्टर स्वतः पृथ्वीवरचा नाही. त्याला दोन हृदयं आहेत. सगळी गोष्ट ‘एलियन आले, एलियन आले’ म्हणत बघायची आणि ज्याच्या बाजूने आपण टाळ्या वाजवतो तोही एलियनच! इंग्रजीत तो शब्द आधी परदेशी माणसासाठी होता. परदेशातून येणाऱ्यांना रोखण्यासाठी ब्रिटनने 1905 मध्ये केलेल्या कायद्याचं नावच ‘एलियन्स ॲक्ट’ होतं, आणि त्याचा रोख मुख्यतः पूर्व युरोपातून पळून आलेल्या ज्यूंवर होता.

आणि या मालिकेची पहिली कथा कोणी दिग्दर्शित केली? वारिस हुसैन यांनी. जन्म लखनौचा, 1938 चा, बालपण बरंचसं मुंबईत. 1946 मध्ये वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब लंडनला गेलं, पुढच्याच वर्षी फाळणी झाली. त्यांच्या आई म्हणजे लेखिका आतिया हुसैन, ज्या पुढे बीबीसीवरून उर्दूत कार्यक्रम करत. 23 नोव्हेंबर 1963 ला ‘डॉक्टर हू’चा पहिला भाग दाखवला गेला तेव्हा वारिस चोवीस वर्षांचे होते आणि निर्माती व्हेरिटी लँबर्ट सत्तावीस वर्षांच्या. बीबीसीच्या नाट्यविभागात त्या वेळी एवढी तरुण निर्माती दुसरी नव्हती. आदल्याच दिवशी अमेरिकेत केनेडींची हत्या झाली होती, त्यामुळे पहिला भाग पुढच्या आठवड्यात पुन्हा दाखवावा लागला. परक्या देशात आलेला लखनौचा एक तरुण आणि पुरुषांनी भरलेल्या कचेरीतली एक मुलगी. कुठेच घर नसलेल्या प्रवाशाची गोष्ट त्यांनी उभी केली, आणि ती अजून चालू आहे. आपल्या घरातल्या ज्या मुलाला चित्रपट काढायचा आहे आणि ज्याला आपण ‘आधी बारावी कर’ म्हणतो, त्याच्या कानावर हे नाव जरूर घाला. बारावी करायलाच हवी, त्याबद्दल आमचं दुमत नाही.

आता व्यवहाराचं. आठ वर्षांच्या आतल्या मुलांना राणीचा प्रसंग आणि काळ्या सुटातले ते लोक घाबरवतील. त्यांना मांडीवर घेऊन बघा, नाहीतर थांबा. इंग्रजी भराभर बोललं जातं, म्हणून मध्येमध्ये थांबवून घरच्या बोलीत सांगावं लागेल. त्याचा फायदाच होतो, कारण थांबलं की प्रश्न येतात. एका बैठकीत संपवू नका. तीन भाग आज, तीन उद्या. रात्रीच्या जेवणाआधी लावलंत तर वाद जेवणाच्या दस्तरख्वानवर चालेल, आणि अब्बांनाही त्यात ओढता येईल. ज्या घरांत नेट नीट चालत नाही त्यांच्यासाठी पुढच्या महिन्यात जयंत नारळीकरांच्या मराठी विज्ञानकथा घेऊ, मोठ्याने वाचून दाखवता येतील अशा. ‘यक्षांची देणगी’ गावच्या वाचनालयात आहे का, तेवढं तोवर बघून ठेवा.