तार आली, भाव कोणाकडे गेला?



भातकुली तालुक्यातल्या बैठकांत आताशा एक प्रश्न हमखास निघतो. बियाण्याचा, कर्जाचा विषय संपला की मागच्या रांगेतला एखादा पोरगा मोबाईल वर करून विचारतो, ‘हे एआय आता सगळं सांगणार म्हणतात. खरं हाय का?’ म्हातारे हसतात. आम्हाला मात्र हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा वाटत नाही, कारण त्याचा संबंध कापसाच्या भावाशी आहे.

आजवर इंटरनेट ही आपण उघडून पाहायची वस्तू होती. पावसाचा अंदाज पाहिला, भाव पाहिला, बंद केलं. पुढचं इंटरनेट निराळं असेल. ते आपल्या बोलीत बोलेल, आपल्या वतीने अर्ज भरेल आणि समोरच्या टोकाला बसलेलं यंत्र तो अर्ज मंजूर करेल किंवा फेटाळेल. मध्ये माणूस असेलच असे नाही.

वऱ्हाडला अशी नवलाई पहिल्यांदा येत नाही. १८७० साली मुंबई समुद्राखालच्या तारेने लंडनशी जोडली गेली. त्याच वर्षी खामगावला आगगाडीचा फाटा आला. उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो. लिव्हरपूलच्या बाजाराची जी खबर बोटीने यायला आठवडे लागत, ती तारेने झपाट्याने येऊ लागली. आली ती कोणाच्या हातात? कापूस विकत घेणाऱ्या पेढीच्या. गाडी जुंपून आलेल्या कास्तकाराला दिसे तो दलालाचा हात. देशभरच्या बाजारांत रुमालाखाली बोटे दाबून सौदे व्हायचे, ती बोटे काय बोलली हे मालाच्या धन्यालाच कळत नसे. पुढे १८८६ साली कारंज्याला कापसाचा नियमित बाजार झाला, १८९७ साली वऱ्हाडासाठी बाजाराचा कायदा आला. देशात असा पहिलाच. त्यामागे मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस बेताच्या दरात मिळावा, हीच खटपट होती. तारेने बातमीचा वेग वाढवला, पण ती ज्याच्या दारी उतरली त्याचेच वजन वाढले.

आता आजच्या तारेकडे पाहू. २०२५-२६ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ हे ॲप आणले. त्यावर नोंदणी करायची, दिवस ठरवून घ्यायचा आणि मग कापूस न्यायचा. कल्पना वाईट नाही. खरेदी केंद्रासमोर थंडीत गाड्यांखाली रात्री काढलेल्यांना ती पटेलही. हमीभाव होता मध्यम धाग्याला ७७१० रुपये आणि लांब धाग्याला ८११० रुपये क्विंटल. पण त्याच वर्षी १९ ऑगस्टपासून केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क काढून टाकले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग मुदत वाढवून थेट ३१ डिसेंबरपर्यंत, म्हणजे ऐन वेचणीत. कापूस कोणत्या दिवशी आणायचा ते आम्हाला मोबाईलवर विचारले गेले. परदेशी कापूस बिनशुल्क येऊ द्यायचा का, हे विचारायला कोणाचा मोबाईल वाजला?

दुसरीकडे आपली माहिती गोळा होते आहे. ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, आपल्या हाताने आपल्या पिकाचा फोटो काढून आपणच पाठवायचा. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. त्याच वर्षी राज्याने शेतीतल्या एआयचे धोरण ५०० कोटींची तरतूद धरून मंजूर केले आणि मराठीत उत्तरे देणारे ‘महाविस्तार’ ॲपही आणले. वरून उपग्रह पऱ्हाटीचा हिरवेपणा टिपतातच. सातबारा, पीक, आधार, बँक खाते आणि उपग्रहाचे चित्र हे सगळे एका क्रमांकाला जोडले गेले, की कोणत्या मंडळात किती गाठी निघणार आणि कोणाला पोरीच्या लग्नापायी लगेच विकणे भाग आहे, याचा अंदाज यंत्राला आपल्याआधी येऊ शकतो. हा अंदाज ज्याच्या टेबलावर पडेल, तो १८७० सालच्या पेढीवाल्याच्या जागी बसेल. २०२३ साली माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला खरा. पण अनुदान आणि लाभ देण्याच्या कामी काही अटींवर नव्याने संमती न घेता माहिती वापरण्याची मुभा सरकारने त्यात स्वतःसाठी ठेवली आहे. कोरडवाहू शेतकऱ्याचा आणि सरकारचा संबंध येतो तो बहुतेक अनुदानापुरताच, हे कायदा लिहिणाऱ्यांना ठाऊक नसेल असे नाही.

यावर काही मंडळी म्हणतात, मग हे सगळे नकोच. आम्हाला ते पटत नाही. नवे तंत्र नाकारून कोरडवाहू शेतकऱ्याचे कधी भले झालेले नाही. यंत्र काय जाणते आणि काय जाणत नाही, हे मात्र तपासून घ्यावे लागेल.

भातकुलीचेच घ्या. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. काळी भारी जमीन, निचरा मंद, विहिरीचे पाणी खारे. बाहेरगावच्या माहितीवर शिकलेल्या यंत्राला विचारले, की पावसाने पंचवीस दिवसांची उघडीप दिली, पऱ्हाटी माना टाकते आहे, काय करू? ते शहाण्यासारखे सांगेल, विहिरीचे एक संरक्षित पाणी द्या. इतरत्र हा सल्ला सोन्यासारखा. इथे त्या पाण्यातले सोडियम मातीचे कण सुटे करते, जमीन चोपण होते, मग पुढच्या वर्षी पावसाचे गोडे पाणीही आत मुरत नाही. पीक वाचवायला गेले आणि वावर नासले. शेततळ्यातले गोडे पाणी आणि विहिरीचे खारे पाणी यातला फरक भातकुलीच्या सालदारालाही कळतो, तो यंत्राला कोणीतरी शिकवावा लागेल. तसेच बोलीचे. आपण ‘पऱ्हाटीवर दहिया आला’ म्हणतो. यंत्राने त्यावर दही लावायची कृती सांगितली तर हसू येईल. चुकीचे औषध सांगितले तर फवारणीचे पैसे गेले आणि उत्तर द्यायला समोर कोणी नाही. कृषी सहायक चुकला तर निदान पुढच्या बुधवारी बाजारात सापडतो.

चांगली बाजूही आहे. ही बोलकी यंत्रे दिवसेंदिवस लहान होत चालली आहेत. त्यातली काही नेटवर्क नसतानाही मोबाईलमध्येच चालतील. ज्या वावरात रेंज यायला धुऱ्यावरच्या बाभळीखाली जावे लागते, तिथे हे मोठे काम होईल. आकाशातून येणाऱ्या इंटरनेटचीही बोलणी आहेत. जुने दळणवळणाचे उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटरवर, हे नवे साडेपाचशेच्या आसपास, म्हणून बोलणे लवकर पोचते. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने स्टारलिंक कंपनीशी इरादापत्र केले, त्यात आपल्या शेजारचा वाशीमही आहे. पण तार खांबावरची असो की आभाळातली, तिची कळ दुसऱ्याच्याच हाती असते. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आणि मे २०२३ मध्ये अकोल्यात दंगलीमुळे इंटरनेट बंद केले गेले. कापसाचा नंबर, चुकारा आणि सल्ला एकाच तारेवर टांगला आणि अशी बंदी वेचणीच्या दिवसांत आली, तर कापूस घरात पडून राहील आणि सावकार दारात.

म्हणून आमचे मागणे असे. प्रत्येक खरेदी केंद्रावर कागदी नोंदणीची खिडकी हंगामभर उघडी राहिली पाहिजे, ॲप कितीही चांगले असो. यंत्राने अर्ज फेटाळला तर कारण मराठीत लेखी द्यावे आणि ते बदलू शकणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव त्यावर असावे. आमच्या वावरांची माहिती ज्या कंपन्यांना दिली जाते, त्यांची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली पाहिजे. आणि त्या माहितीवरून बांधलेला पिकाचा अंदाज व्यापाऱ्याला ज्या दिवशी दिसतो, त्याच दिवशी आम्हालाही दिसला पाहिजे. ही शेवटची मागणी सगळ्यात अवघड आहे. तिच्यासाठी गावागावांतल्या शेतकरी कंपन्यांनी स्वतःची मोजणी स्वतः ठेवायला लागणे बरे. किती पेरा, किती वेचण्या, किती क्विंटल, एवढे वहीत असले तरी पुष्कळ.

जिल्हा बैठकीला येताना गेल्या हंगामातली कापसाच्या नोंदणीची पावती किंवा मोबाईलवरचा संदेश, काट्याची चिठ्ठी आणि बँकेत पैसे जमा झाल्याची तारीख सोबत आणा. नंबर लागला तो दिवस, माल मोजला तो दिवस आणि पैसे आले तो दिवस, या तीन तारखा गाववार लिहून घ्यायच्या आहेत. ज्यांचा नंबर लागलाच नाही त्यांनीही यावे. त्यांची नावे पहिल्या पानावर घेऊ.