फेरी गेली, फेरी गेल्या

‘बारा दिवसांत बारा टेन्स’ असा फलक या आठवड्यात गोव्यातल्या केरीच्या फेरी धक्क्यावर दिसला. क्लासचं नाव सांगत नाही, फुकट जाहिरात कशाला! इंग्रजीच्या बारा काळांच्या तक्त्यावरचा माझा राग जुना आहे. मागे त्यावर लिहिलं, तेव्हा शिक्षकमंडळींनी पत्रांतून माझी हजेरीही घेतली. पण हा फलक नेमका अशा जागी लागलाय, जिथे तोच धडा दिवसभर फुकट चालतो.

तेरेखोलला जाणारी फेरी सुटायच्या बेतात असते. मागून स्कूटरवाला येताना दिसला की कुणीतरी कोंकणीत ओरडतं, ‘धांव, फेरी गेली!’ ती तर अजून धक्क्यालाच आहे. तो पोचेपर्यंत ती नदीच्या मध्यावर; मग त्याला ऐकवतात, ‘फेरी गेल्या.’ (पुण्याच्या वाचकांनी हे अनेकवचन समजू नये. मराठीत आपण ‘गेलीय’ म्हणतो, तेच.) संध्याकाळी घरी तो सांगतो, आठची फेरी डोळ्यांदेखत गेली. इंग्रजीत पहिल्या वेळी ‘इज लीव्हिंग’, दुसऱ्या वेळी ‘हॅज लेफ्ट’, तिसऱ्या वेळी नुसतं ‘लेफ्ट’. ‘हॅज लेफ्ट’मध्ये पलीकडे जायची पंचाईत अजून समोर उभी आहे, ‘लेफ्ट’मध्ये विषय मिटलाय. ‘गेली’ आणि ‘गेल्या’ यांतला हा फरक तेरेखोलचं पोर शाळेत जाण्याआधीच बोलतं. इंग्रजीतला तिढा एवढाच, की आपण ‘मी त्याला काल पाहिलंय’ खुशाल म्हणतो, पण ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ तिथे चालत नाही. ‘यस्टरडे’ आलं की ‘हॅव’ गळतं. आठवडाभर शिकवायचं तर हे शिकवा.

त्याऐवजी मुलं तक्ता घोकतात. इंग्रजी क्रियापदाची काळाप्रमाणे बदलणारी रूपं दोनच, ‘लीव्ह्ज’ आणि ‘लेफ्ट’. भविष्यासाठी ‘विल’ची मदत घ्यावी लागते, आणि क्रिया चालू आहे की पुरी झाली, हा प्रश्न काळाहून वेगळा. बर्नार्ड कॉम्री यांनी 1976 साली त्यावर ‘ॲस्पेक्ट’ नावाचं आख्खं पुस्तक लिहिलं. पण सगळं एका चौकटीत कोंबायची खोड जुनी, लॅटिनच्या वर्गातली. थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याचं कोंकणी व्याकरण 1640 साली आपल्या रायतूरला छापलं गेलं, पोर्तुगीज भाषेत आणि लॅटिनच्या साच्यात. इंग्रजांनी स्वतःच्या भाषेलाही तोच साचा लावला.

‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ ऐकलं की मास्तर मातृभाषेला दोष देतात. ‘मला दोन भाऊ आहेत’ यात चालू वर्तमानकाळ दाखवा पाहू! ‘मी जाणत आहे’ असं तरी घरात कोण बोलतं? हे पाप तक्त्याचंच. दिसेल त्या क्रियापदाला ‘आयएनजी’ लावून रकाना भरायला तोच शिकवतो. पुरावा विचाराल तर नाही, पण संशय दुसऱ्या कुणावर जातही नाही.

पालकांनो, तुमच्या पोराच्या वहीत तो तक्ता असेल, तर निदान ‘फ्युचर परफेक्ट कंटिन्युअस’ची ओळ आजच खोडा. मास्तर रागावले, तर माझं नाव सांगा.