विश्लेषण : सत्काराची शाल नेमकी कुठे विणली जाते?

भंडाऱ्याजवळच्या शहापुरात हिवाळ्याचे दोन महिने शाल दोन ठिकाणी हमखास दिसते. एक, महामार्गालगत आणि आठवडी बाजारात मांडलेल्या गरम कपड्यांच्या ढिगात. दुसरी, व्यासपीठावर. महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन, शेजारच्या जवाहरनगर आयुध निर्माणीतील कुणाची सेवानिवृत्ती, ग्रामपंचायतीचा कार्यक्रम. शाल-श्रीफळाशिवाय यातले काहीच पार पडत नाही. ढिगातली शाल ‘हिमालयन’, ‘कुल्लू’ किंवा थेट ‘पश्मिना’ म्हणून विकली जाते. व्यासपीठावरच्या शालीला तर नावही लागत नाही. या दोन्ही शालींपैकी बहुतेक हिमालयात विणलेल्या नसतात, हाताने तर नाहीच नाही. त्या स्वस्त आहेत याला कुणाची हरकत असण्याचे कारण नाही. हरकत आहे ती नावाला.

तिबेटी बाजारातला माल तिबेटी असतो का?

विदर्भात ‘तिबेटी स्वेटर’ हा शब्द रुळण्यामागे इतिहास आहे. गोठणगाव येथे 1972 पासून नॉर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. आज ते गाव गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात येते. पण 1999 मध्ये जिल्ह्याचे विभाजन होईपर्यंत तो भंडारा जिल्हाच होता. त्यामुळे जुन्या पिढीच्या तोंडी ती ‘भंडाऱ्याची तिबेटी वसाहत’ अशीच आहे. पावसाळ्यात शेती आणि थंडीत गरम कपड्यांची विक्री, हा देशभरातील तिबेटी वसाहतींचा जुना शिरस्ता. मात्र हे कपडे प्रामुख्याने येतात लुधियानाहून. तिथल्या घाऊक व्यापाऱ्यांकडून हंगामाच्या आधी माल उचलायचा, अनेकदा उधारीवर, आणि हंगाम संपल्यावर हिशेब चुकता करायचा. विक्रेते हे लपवतातही असे नाही. ‘हा माल कुठला?’ असे थेट विचारले तर बहुतेक जण सरळ सांगतील. गिऱ्हाईक विचारत नाही. विकणाऱ्याचा चेहरा पाहून ते मालाचा पत्ता ठरवून टाकते. फसवणुकीची सुरुवात अशी गिऱ्हाइकाच्या डोक्यातच होते, हे म्हणणे कटू असले तरी खरे आहे.

मग खरी शाल म्हणजे काय?

हिमालयातील शाल ही एकच वस्तू नाही. कुल्लूची शाल मेंढीच्या लोकरीची, जाडसर आणि उबदार असते. तिच्या पट्टीतील भौमितिक नक्षी मागावर बसून बोटांनी एकेक रंगीत धागा भरत काढली जाते. ही परंपरा वाटते तितकी पुरातन नाही. नक्षीदार पट्टीची ‘कुल्लू शाल’ बाजारात आली ती 1940च्या दशकात, शेजारच्या बुशहर भागातील विणकर कुल्लूत आल्यानंतर. भुट्टी येथील विणकरांची सहकारी संस्था 1944 मधली. म्हणजे हा वारसा आपल्याकडील अनेक सहकारी साखर कारखान्यांच्या वयाचा आहे आणि तोही सहकारानेच टिकवलेला आहे.

पश्मिनाची गोष्ट वेगळी. लडाखच्या चांगथांग पठारावरील चांगथांगी शेळीच्या अंगावर थंडीपासून बचावासाठी केसांखाली मऊ लव वाढते. वसंत ऋतूत ती विंचरून काढतात. या तंतूची जाडी 12 ते 16 मायक्रॉन असते. माणसाचा केस साधारण 50 ते 100 मायक्रॉनचा. एका शालीला सुमारे 3 शेळ्यांची वर्षभराची लव लागते. त्यानंतर ती निवडणे, चरख्यावर कातणे, हातमागावर विणणे.

इथे यंत्र का चालत नाही, हे समजले की किमतीचा सगळा उलगडा होतो. शुद्ध पश्मिना तंतू इतका नाजूक असतो की यंत्राच्या ताणाने धागा तुटतो. त्यावर उपाय म्हणून लवेत नायलॉन मिसळून यंत्रावर सूत काढतात आणि कापड विणून झाल्यावर आम्लाच्या प्रक्रियेने ते नायलॉन विरघळवतात. कापड झटपट तयार होते, पण या खटाटोपात तंतूचा मऊपणा आणि आयुष्य दोन्ही घटतात. म्हणून ‘काश्मीर पश्मिना’च्या भौगोलिक मानांकनाची (जीआय) अट स्पष्ट आहे : तंतू 16 मायक्रॉनपर्यंतचा, हाताने कातलेला आणि हाताने विणलेला. श्रीनगरच्या हस्तकला विकास संस्थेतील केंद्रात तपासणी झाल्यावरच शालीला सुरक्षित लेबल मिळते.

विणकराच्या हाती काय पडते?

काश्मिरात पश्मिना कातण्याचे काम बायका घरी बसून करतात. दहा धाग्यांच्या एका गाठीला 1 रुपया, हा दर तिथे कित्येक वर्षे चालला. दिवसभर चरखा फिरवून रोजंदारीइतकेही पैसे सुटेनात तेव्हा अनेकींनी चरखा माळ्यावर टाकला. यंत्रावरचे सूत बाजारात आले ते याच पोकळीत. चौथ्या हातमाग गणनेनुसार (2019-20) देशात 35.22 लाख हातमाग कामगार आहेत आणि सुमारे दोन तृतीयांश कुटुंबांचे मासिक उत्पन्न 5 हजार रुपयांपेक्षा कमी आहे. पाचशे रुपयांच्या यंत्रमागाच्या शालीवर ‘हातमाग’ म्हटले गेले की या कुटुंबांकडे मोलभाव करायलाही काही उरत नाही. गिऱ्हाइकाला ‘हातमागाची शाल’ पाचशेत मिळते हे ठाऊक झालेले असते. मग पाच हजार सांगणारा विणकरच त्याला लबाड वाटतो.

कायदा काय सांगतो?

कायदा आहे, आणि बराच जुना आहे. हातमागासाठी वस्तू राखून ठेवणारा कायदा 1985 चा. त्याखाली 11 प्रकारच्या वस्तू ठरावीक वैशिष्ट्यांसह फक्त हातमागावर विणता येतात. साडी, धोतर, टॉवेल यांच्या जोडीने शाल, लोई, मफलर, पंखी आणि कांबळे यांचाही त्यात समावेश आहे. यंत्रमागमालकांनी या कायद्याला आव्हान दिले होते, पण सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये तो वैध ठरवला. भंग केल्यास 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा मागामागे 5 हजार रुपयांपर्यंत दंड. जीआय कायदा (1999) त्याहून कडक : मानांकनाचा खोटा वापर केल्यास 6 महिने ते 3 वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड.

पण हे सगळे पाहारे विणण्याच्या टोकाला आहेत. विक्रीच्या टोकाला, म्हणजे शहापूरच्या रस्त्यावर किंवा मोबाइलवरच्या खरेदी ॲपवर, विचारणारे कुणी नाही. ॲपवर ‘पश्मिना’ टाइप करून पाहावे. काहीशे रुपयांपासून यादी सुरू होते आणि तपशिलात खाली बारीक अक्षरांत ‘ॲक्रिलिक’ किंवा ‘व्हिस्कोज’ लिहिलेले सापडते. शाल विकायची तर तंतू कोणता आणि माग कोणता, हे दोन शब्द मोठ्या अक्षरांत छापण्याची सक्ती हवी. खाद्यतेलाच्या पिशवीवर तेल कशाचे ते लिहावे लागते. शालीला सूट कशासाठी?

यात ॲक्रिलिकचा काही दोष नाही, हेही सांगायला हवे. धानाच्या बांधावर पहाटे पाणी द्यायला जाणाऱ्याला तीनशे रुपयांची ॲक्रिलिक शाल मोठा आधार असते. धुवायला सोपी, कसरीची भीती नाही. तिने आपल्या नावाने विकले जावे, एवढेच.

घरी ओळखायचे कसे?

शाल अंगठीतून काढून दाखवण्याचा खेळ विसरावा. पातळ व्हिस्कोजही अंगठीतून सहज निघते. त्यापेक्षा झालरीचा एक धागा तोडून जाळावा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरली जाते. ॲक्रिलिक वितळते, त्याचा टणक मणी होतो. मात्र यातून फक्त तंतू कळतो. शाल हातमागावरची की यंत्रमागावरची, ते कळत नाही. त्यासाठी ‘हँडलूम मार्क’ (2006 पासून) किंवा जीआयचे लेबल पाहावे. विकणाऱ्याने ‘शहातूश’ म्हटले तर मात्र पाय काढता घ्यावा. ती चिरू या संरक्षित प्राण्याला मारून मिळवलेली लोकर असते आणि तिचा व्यापार वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

भंडाऱ्याने याची काळजी का करावी?

कारण हेच दुखणे इथल्या मागालाही आहे. शहापूरपासून फार दूर नसलेल्या मोहाडी आणि आंधळगावात कोष्टी विणकर टसर, म्हणजे आपला कोसा, विणतात. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या अळ्यांचे हे रेशीम, आणि त्यावरची करवतीच्या दात्यांसारखी किनार. ‘करवतकाठी’ला जीआय मिळालेले आहे. तरीही ‘कोसा’ या नावाखाली यंत्रमागाचे कृत्रिम रेशीम विकले जातेच. काश्मीरच्या विणकराची तक्रार समजायला भंडारेकराला दूर जावे लागत नाही.

आणि बदल करायचा तर सुरुवात व्यासपीठावरूनच सोपी आहे. सत्काराची शाल बहुधा कुणी पांघरत नाही. ती कपाटात जाते आणि पुढच्या कुणाच्या तरी सत्काराला पुन्हा बाहेर निघते. अशा दहा शालींच्या पैशांत हातमागाचे एखाददोन कोसा उपरणे येत असेल, तर दहा जणांना शाल आणि एकालाही ऊब नाही, हा हिशेब संस्थांनी एकदा मांडून पाहायला हरकत नाही.

खोट्या वर्णनाची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर करता येते. खरेदीचे बिल जवळ असले तर ती टिकते. रस्त्यावरच्या खरेदीत बिल नसते. संस्थांच्या खरेदीत ते असते, पण त्यावर सहसा एवढेच लिहिलेले असते : ‘शाल, नग 10’.