लॉगफ्रेमचा चौथा रकाना

जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलर कर्जाचा करार एप्रिल २०१८ मध्ये झाला आणि नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे ‘पोकरा’, परभणीसह १५ जिल्ह्यांत आला. चुडाव्याच्या पट्ट्यात पोकरा म्हटले की ठिबक, शेततळे, अनुदान एवढेच बोलले जाते. असे आराखडे कोणत्या साधनाने आखतात, यावर आपल्या तरुणांत चर्चाच नाही.

ते साधन म्हणजे लॉगफ्रेम. १९६९ मध्ये अमेरिकेच्या यूएसएडसाठी तयार झालेला हा साधा तक्ता आज जगभर चालतो. त्यात चार रकाने : काय करणार, कशाने मोजणार, पुरावा कुठला, आणि शेवटी गृहीतके. मेख शेवटच्या रकान्यात आहे. पोकरात ठिबक-शेततळ्याला सातबारा लागतो. खर्च आधी स्वतः करायचा, अनुदान नंतर खात्यात. म्हणजे जमीन आणि हातात पैसा दोन्ही आहे, हे गृहीत धरले. भूमिहीनाच्या वाट्याला शेळीपालन. शेळीला नावे ठेवायची नाहीत, पण पाणी एकाला आणि शेळी दुसऱ्याला, ही वाटणी आपल्या ओळखीची आहे!

दुसऱ्या रकान्याचेही तेच. २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांतले १७.१८ हे लक्ष्य सांगते की आकडेवारी उत्पन्न, लिंग, वय, वंश, अपंगत्व अशी वेगवेगळी काढा. त्या यादीत जात नाही. मग ‘शेततळी किती’ मोजले जाते, कुणाच्या शेतात ते नाही.

काही कार्यकर्ते म्हणतात, हे एनजीओवाल्यांचे खूळ आहे, आपला मार्ग संघर्षाचा. तक्ता भरून गायरान नावावर होत नाही, हे मान्य. पण बाबासाहेबांनी १९१८ मध्ये लहान शेतजमिनींवर अर्थशास्त्रीय निबंध लिहिला, १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष दिली, पुढे स्टार्ट समितीचे सदस्य झाले. सत्याग्रह केला म्हणून त्यांनी समितीतली खुर्ची सोडली नाही.

गावनकाशाचे घ्या. लोकसहभागाच्या पद्धतीत तो गावकऱ्यांकडून रांगोळीने जमिनीवर काढून घेतात. मंदिराच्या पारावर काढला तर आपली वस्ती कडेचा एक ठिपका होते. तोच विहारासमोर, मजुरी करणाऱ्या बायांना घेऊन संध्याकाळी काढा. हातपंप, स्मशानाची वाट, गायरान सगळे उमटते.

आणि गाव प्रकल्पात असेल तर ग्राम कृषी संजीवनी समितीचा सूक्ष्म नियोजन आराखडा माहिती अधिकारात मागा. त्यात भूमिहीन कुटुंबे किती लिहिली आहेत, ते आधी बघा. मग वस्तीत घरोघर जाऊन मोजा.