विश्लेषण : यशवंतरावांनी लष्कराला मोकळीक दिली, पण दारूगोळा मोजायचा कोणी?

मिग-२१ हे लढाऊ विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडच्या हवाई तळावर सेवेतून निवृत्त झाले. या विमानाची बांधणी नाशिकजवळच्या ओझरला होत असे. तो कारखाना उभा राहिला तेव्हा देशाचे संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण. महाराष्ट्रात त्यांच्या त्या चार वर्षांचे वर्णन बहुधा एका वाक्यात आटोपते : हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला. पण दिल्लीत पोहोचल्यावर सह्याद्रीने नेमके काय केले, हे त्या वाक्यातून कळत नाही. गणवेश कधीही न घातलेल्या मंत्र्याने लष्करावर देखरेख ठेवायची म्हणजे काय करायचे, हा प्रश्न समजून घ्यायला यशवंतरावांच्या कारकीर्दीइतके चांगले उदाहरण आपल्याकडे दुसरे नाही.

त्यांच्या हाती काय आले?

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने हल्ला केला. महिना उलटायच्या आत नेफा आघाडी कोसळली, संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांना पायउतार व्हावे लागले आणि पंतप्रधान नेहरूंनी महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना बोलावून घेतले. यशवंतराव दिल्लीत दाखल झाले त्याच सुमारास, २१ नोव्हेंबरला, चीनने एकतर्फी युद्धविराम जाहीर केला. म्हणजे युद्ध त्यांना लढावे लागलेच नाही. त्यांच्या वाट्याला आले ते पराभूत आणि आपसांत दुभंगलेले लष्कर.

ही दुभंग युद्धाच्या आधीची होती. मेनन बुद्धिमान होते, संरक्षण उत्पादन देशातच व्हावे हा त्यांचा आग्रहही योग्य होता. मिग-२१ चा करार त्यांच्याच काळातला. पण अधिकाऱ्यांच्या बढत्यांत त्यांनी इतका हात घातला की १९५९ मध्ये लष्करप्रमुख जनरल थिमय्या यांनी राजीनामा दिला. नेहरूंनी समजूत काढल्यावर तो मागे घेतला गेला, तरी मने दुभंगलेलीच राहिली. पुढे ले. जनरल बी. एम. कौल यांना, युद्धात तुकडीचे नेतृत्व केल्याचा अनुभव नसताना, ऐन संकटात नेफातील कोअरची सूत्रे मिळाली. लष्करात त्याचा अर्थ सरळ लावला गेला : मंत्र्याच्या जवळचा असेल तो वर जातो.

यशवंतरावांनी पहिली दुरुस्ती इथे केली. थापर यांच्या जागी लष्करप्रमुखपदी आलेले जनरल जे. एन. चौधरी यांच्या बढत्या-नेमणुकांच्या शिफारशींत त्यांनी सहसा ढवळाढवळ केली नाही. तिन्ही दलांचे प्रमुख आणि संरक्षण सचिव यांच्यासोबत सकाळची नियमित बैठक सुरू केली. वाचायला ही किरकोळ प्रशासकीय बाब वाटेल. पण ज्या मंत्रालयात नकाशापेक्षा कुजबुज जास्त चालत होती, तिथे सगळ्यांनी एका टेबलाभोवती बसून एकमेकांसमोर बोलणे हीच मोठी सुधारणा होती. सव्वाआठ लाखांचे भूदल, त्यात दहा डोंगरी डिव्हिजन, हवाई दलाच्या ४५ स्क्वाड्रन हे लक्ष्य ठेवणारी संरक्षण योजना याच काळात आखली गेली.

चौकशी झाली, मग अहवाल कुठे आहे?

पराभवाची चौकशी ले. जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ब्रिगेडियर पी. एस. भगत यांनी केली. २ सप्टेंबर १९६३ रोजी यशवंतरावांनी संसदेत तिच्या निष्कर्षांवर निवेदन केले. प्रशिक्षण, साहित्य, नेतृत्वाची साखळी, जवानांची शारीरिक क्षमता यांतील उणिवा त्यांनी सांगितल्या. सरकारकडून सैन्याला धोरणाची स्पष्ट दिशा मिळायला हवी, असेही ते म्हणाले. मूळ अहवाल मात्र सुरक्षेचे कारण देऊन गोपनीय ठेवला.

चौकशीची कक्षाच अशी होती की राजकीय निर्णयांपर्यंत ती पोहोचणारच नव्हती. यशवंतरावांना नेहरूंना अडचणीत आणायचे नव्हते आणि लष्कराचे खच्चीकरणही होऊ द्यायचे नव्हते. १९६३ मध्ये ही कसरत समजण्यासारखी होती. त्यानंतर आलेल्या प्रत्येक पक्षाच्या सरकारने तोच पडदा तसाच ठेवला, त्याचे समर्थन कसे करायचे? २०१४ मध्ये पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी त्यातील काही भाग इंटरनेटवर टाकला, तरी सरकारदरबारी अहवाल गोपनीयच राहिला.

१ सप्टेंबर १९६५ ला काय घडले?

पाकिस्तानचे रणगाडे छांबमध्ये घुसले होते. लक्ष्य अखनूरचा पूल. तो गेला असता तर राजौरी-पूंछकडची भारतीय ठाणी तुटली असती. दुपारी चारच्या सुमारास चौधरी आणि हवाई दलप्रमुख एअर मार्शल अर्जन सिंग संरक्षणमंत्र्यांसमोर बसले. लष्कराला हवाई मदत हवी होती. १९६२ मध्ये युद्ध भडकेल या भीतीने सरकारने लढाऊ विमाने वापरलीच नव्हती. यशवंतरावांनी मंत्रिमंडळाच्या समितीची वाट न पाहता परवानगी दिली. साडेपाच वाजायच्या आत पठाणकोटहून विमाने हवेत होती.

गोष्ट सहसा इथे थांबवली जाते. पुढची बाजूही तितकीच खरी आहे. पहिल्या झेपेत पाठवलेली व्हॅम्पायर विमाने कालबाह्य होती. त्यांतली चार त्याच संध्याकाळी गेली. काही हल्ले तर आपल्याच तुकड्यांवर झाले, कारण भूदल आणि हवाई दल यांनी एकत्र लढण्याची तयारीच केलेली नव्हती. मंत्र्याचा निर्णय योग्य होता आणि वेळेत होता. पण दोन दलांची संयुक्त योजना आधी तयार आहे का, हे विचारणेही मंत्रालयाचेच काम होते.

मोकळीकही सर्वांना सारखी नव्हती. नौदलाला पोरबंदरच्या उत्तरेला कारवाई न करण्याची सूचना होती. पाकिस्तानी जहाजांनी द्वारकेवर मारा केला आणि नौदलप्रमुखांसह अनेक अधिकारी चडफडत राहिले. युद्ध पूर्वेकडे पसरू नये असा सरकारचा हेतू होता. त्यावर वाद घालता येईल, पण मुलकी नियंत्रण म्हणजे हेच : कुठे लढायचे आणि कुठे नाही, हे निवडून आलेल्यांनी ठरवायचे.

मग चूक कुठे झाली?

युद्धविरामाचा दबाव वाढला तेव्हा पंतप्रधान शास्त्रींनी लष्करप्रमुखांना विचारले : आणखी काही दिवस लढाई चालू ठेवली तर निर्णायक विजय मिळेल का? आघाडीवरचा बहुतेक दारूगोळा संपत आला आहे आणि रणगाड्यांचे नुकसानही मोठे आहे, असे चौधरींनी सांगितले. २३ सप्टेंबरला बंदुका थंडावल्या. नंतर हिशेब लागला तेव्हा आघाडीचा जेमतेम १४ टक्के दारूगोळा वापरला गेल्याचे दिसले.

१४ टक्के आणि ‘बहुतेक’ यांत केवढे अंतर! साध्या गोदामातही साठ्याची नोंदवही दोन जण तपासतात. इथे युद्ध थांबवण्याच्या निर्णयाला आधार देणारा आकडा एका माणसाच्या तोंडून आला आणि कोणी तो पडताळला नाही. आणखी लढल्याने खरेच मोठा विजय मिळाला असता का, हा वेगळा वाद आहे. युद्धविरामामागे आंतरराष्ट्रीय कारणेही होती. मुद्दा असा की मेनन यांच्या कटू अनुभवानंतर दिल्लीने १९६२ चा धडा ‘लष्कराच्या कामात पडू नका’ असा घेतला होता. हस्तक्षेप टाळण्याच्या नादात चौकशी करणेही टाळले गेले. बढत्या कोणाला द्यायच्या यात मंत्र्याने पडू नये, हे खरेच. पण गोळे किती उरलेत हे विचारण्याने सेनापतीचा अपमान होत नाही.

याचा सगळा दोष यशवंतरावांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. नेहरू, शास्त्री आणि इंदिरा गांधी अशा तीन पंतप्रधानांखाली त्यांनी हे खाते सांभाळले. मोडलेला विश्वास सांधायला त्यांना तीन वर्षेही मिळाली नाहीत, तोच दुसरे युद्ध आले. नोव्हेंबर १९६६ मध्ये ते गृहखात्यात गेले.

आज या चर्चेचे काय?

संविधानाच्या ५३ व्या अनुच्छेदानुसार संरक्षण दलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे असते. प्रत्यक्षात निर्णय मंत्रिमंडळ घेते. १ जानेवारी २०२० रोजी जनरल बिपिन रावत पहिले संरक्षण दलप्रमुख झाले आणि त्यांच्या हाताखाली लष्करी व्यवहार विभाग आला. छांबमध्ये दिसलेली दोन दलांची फारकत मिटवणे हे त्यामागचे एक कारण. मात्र सनदी अधिकाऱ्यांकडची काही कामे आता गणवेशातील सचिवाकडे गेली आहेत. त्यामुळे आकडा देणारा आणि तो तपासणारा यांच्यातले अंतर आणखी कमी झाले आहे. संसदेची संरक्षणविषयक स्थायी समिती दरवर्षी अहवाल देते, पण त्यावर सभागृहात तास-दोन तास चर्चा झाल्याचे क्वचितच आढळते.

यशवंतरावांनी १९६५ च्या युद्धाच्या दिवसांत नोंदी लिहून ठेवल्या होत्या. त्यांचे तेव्हाचे खासगी सचिव राम प्रधान यांनी त्या आधारे पुस्तक प्रसिद्ध केले ते २००७ मध्ये, यशवंतरावांच्या निधनानंतर २३ वर्षांनी. हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल सरकारने अजून प्रसिद्ध केलेला नाही.